स्वतःशी मायेनं बोलायचं म्हणजे काय?

(अड्याळ, जि. भंडारा येथे बचत गटांच्या बायकांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



इथे यायचं ठरलं तेव्हा तुमच्यातल्याच एका ताईंनी मला निरोप धाडला होता, "टेन्शनवर बोला, पण गोळ्यांची नावं सांगू नका आणि हसत राहा असंही सांगू नका." दोन्ही अटी मला मान्य आहेत. रोवणी नुकतीच संपली आहे, तुमच्या कंबरा अजून सरळ व्हायच्या आहेत. अशा वेळी 'हसत राहा' म्हणणाऱ्या पाहुणीला आधी दोन दिवस बांधीतल्या चिखलात उभं करायला हवं.

उदासी, धास्ती, ताण हे पुस्तकातले शब्द झाले. आपण काय म्हणतो? मन लागत नाही. जीव घाबरा होतो. छातीत धडधडतं. डोकं भणभणतं. रात्री दोनला डोळा उघडतो तो मिटतच नाही. या सगळ्यामागे कर्ज असतं, नवऱ्याची दारू असते, पोरीच्या लग्नाची काळजी असते, पाऊस असतो. ती कारणं खरी आहेत आणि ती बाहेर आहेत. पण आज मला बोलायचं आहे ते आत काय चालतं त्याबद्दल. बाहेरचा मार बसून गेल्यावर आपण आत स्वतःला जो दुसरा मार देतो, त्याबद्दल.

गेली कित्येक वर्षं बायकांच्या बैठकांत मी एक साधा प्रश्न विचारत आले आहे. मागच्या वेळी काही बिनसलं, तेव्हा तुम्ही मनातल्या मनात स्वतःला काय म्हणालात? पहिल्यांदा सगळ्या हसतात. मग एकेक वाक्य बाहेर येतं. "तुले काहीच येत नाही." "माझ्यातच खोट आहे." "हप्ता थकला, आता कोणत्या तोंडानं गटात बसू?" "पोरगा नापास झाला तो माझ्यामुळेच." बिड्या वळणारी एक बाई म्हणाली होती, ठेकेदार जसा बिड्या मोजताना वाकड्यातिकड्या बाजूला टाकतो आणि त्यांचे पैसे देत नाही, तशी मी रोज रात्री अंथरुणावर पडून दिवसभराची कामं मोजते. केलेली हजार कामं जमेला धरत नाही, राहिलेली दोन तेवढी मोजते.

मी पुढचा प्रश्न विचारते, हीच चूक शेजारणीनं केली असती तर तिला असं बोलला असता का? सगळ्या एका सुरात 'नाही' म्हणतात. तिला आपण म्हणतो, जाऊ दे वो बाई, होतं कधी कधी, चहा घे. म्हणजे मायेनं बोलणं आपल्याला येतं, चांगलं येतं. फक्त ती माया वाटताना आपण स्वतःचं ताट वगळतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खायची जी सवय स्वयंपाकघरात लागली, तीच मनालाही लागली आहे.

आता या कठोर आवाजाचा पत्ता शोधू या. जन्मलेल्या पोरीला असा आवाज नसतो. 'मुलीच्या जातीनं' ने तो सुरू होतो. मग शाळेत, मग सासरी. भात चिकट झाला की कोण काय म्हणेल हे आपल्याला इतकं पाठ होतं की पुढे म्हणणारी व्यक्ती समोर असावीच लागत नाही. सासू देवाघरी जाऊन दहा वर्षं झाली तरी तिचे टोमणे सून स्वतःला स्वतःच मारते. दुसऱ्याची नोकरी आपण बिनपगारी करतो.

याचा शरीरावर काय परिणाम होतो तेही बघा. कुणी अंगावर ओरडत आलं की छाती धडधडते, श्वास वर अडकतो, पोटात गोळा येतो. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी करुणेवर आधारलेली एक उपचारपद्धती उभी केली. त्यांचं म्हणणं असं की, ओरडणारा माणूस बाहेर असो की आपल्या डोक्यात, धोक्याची तीच घंटा वाजते. मग दिवसभर स्वतःवर ओरडणाऱ्या बाईचं शरीर सतत भांडणात उभं असतं. तिला झोप कशी लागावी? उलट, मायेचा स्पर्श, मऊ आवाज, लांब सोडलेला श्वास यांनी शरीर शांत होतं. रडतं लेकरू उचलून पाठीवर थोपटलं की निवतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात क्रिस्टिन नेफ नावाच्या बाई आहेत. त्यांनी २००३ साली स्वतःविषयीची करुणा मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी होत्या. स्वतःशी कठोर न होता मायेनं वागणं. हे दुःख माझ्या एकटीच्या वाट्याचं नाही, माणूस म्हटलं की ते येतंच, हे ओळखणं. आणि जे वाटतं आहे ते न दाबता, न फुगवता, आहे तेवढंच पाहणं. पुढे २०१२ मध्ये दोन संशोधकांनी तोवर झालेले चौदा अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांच्यात ही करुणा जास्त, त्यांच्यात उदासी, धास्ती आणि ताण कमी, असं त्यांना ठळकपणे दिसलं. नंतर प्रत्यक्ष शिकवून पाहिलेले प्रयोगही बरेच झाले; २०१९ मध्ये अशा सत्तावीस प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला आणि शिकवल्यानं फरक पडतो असं दिसलं. यातले पुष्कळ अभ्यास परदेशातल्या शिकलेल्या लोकांवरचे आहेत, हे ध्यानात ठेवायचं. चिखलात दहा तास वाकणाऱ्या बाईला ते जसेच्या तसे लावायचे नाहीत.

पण ही गोष्ट परदेशातून आली म्हणून नवी समजायचं कारण नाही. नेफबाईंना स्वतःला ही वाट बौद्ध ध्यानातून सापडली. आणि इथून जवळच, आपल्याच तालुक्याच्या गावी पवनीला, जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे शब्द या मातीला तेव्हापासून ठाऊक आहेत. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी ते आजही म्हटले जातात. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्यात मैत्रीची भावना वाढवायची तर सुरुवात कुणापासून करायची ते सांगितलं आहे. स्वतःपासून. नंतर आवडती माणसं, मग तिऱ्हाईत, मग वैरी. आपल्याला मात्र उलटी ओळ शिकवली गेली, आणि त्या ओळीत आपला नंबर येतच नाही.

मराठीत आणखी एक वाट आहे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचा गाभा असा की, एखादं काम चुकलं तर ते काम चूक म्हणा, पण त्यावरून अख्ख्या माणसाला नालायक ठरवू नका. भाजी खारट झाली, हे खरं. 'मी बाई म्हणून फुकट' हे त्यातून निघत नाही. मला ही गोष्ट फार उपयोगी वाटते, कारण बायकांना नेहमी कामावरून जोखलं जातं आणि आपणही स्वतःला तसंच जोखतो.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला सासूबाईंचा असतो : असं स्वतःचं कौतुक करत बसली की बाई आळशी होते. यावर कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एक प्रयोग झाला. मुद्दाम अवघड परीक्षा घेतली, विद्यार्थी नापास झाले. मग काहींना स्वतःकडे समजूतदारपणे पाहायला सांगितलं. पुढच्या परीक्षेसाठी त्यांनीच बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. शिव्या खाऊन बैल चार पावलं धावतो, दिवसभर चालत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींचा आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. त्या म्हणतात, बाईला मारणारा मोकळा, दारूचं दुकान चालू, आणि तुम्ही तिला छातीवर हात ठेवून श्वास घ्यायला सांगता? हे तर सोसायला शिकवणं झालं. हा धोका खरा आहे. बाईच्या दुःखाला आजाराचं नाव देऊन तिला गप्प बसवण्याचा उद्योग जुना आहे. पुण्यात बापू ट्रस्ट उभा करणाऱ्या भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर स्त्रीवादी भूमिकेतून पुस्तक लिहिलं. बायकांचं मन बिघडण्याचा त्यांच्या जगण्याशी काय संबंध आहे, हा प्रश्न त्यांनी ठामपणे पुढे ठेवला. तो सोडून मनाबद्दल बोलता येणार नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवताना दिसल्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय निम्म्याहून जास्त पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नव्हते. पाच तासांचा हा हिशेब कुठल्याही ध्यानानं कमी होत नाही. तो वाटूनच घ्यावा लागतो.

तरीही मी हा विषय सोडत नाही, याचं कारण मी बैठकांत पाहिलं आहे. मार खाऊन आलेली बाई पहिलं वाक्य काय म्हणते? "माझंही चुकलंच." जोवर हे वाक्य आत घट्ट बसलेलं आहे, तोवर तिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा माहीत असून उपयोग होत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला निघालेली बाई एसटीच्या थांब्यावरून परत फिरते, ती नवऱ्याच्या भीतीनं जितकी, तितकीच या वाक्यानं. मायेच्या माणसाला कुणी मारत असेल तर आपण मध्ये पडतो. स्वतःवर माया असेल तर स्वतःसाठीही मध्ये पडावंसं वाटतं. नेफबाईंनीच पुढे बायकांसाठी लिहिताना या करुणेची दोन रूपं सांगितली, एक थोपटणारं आणि एक अंगावर धावून जाणारं. वासराला चाटणारी गाय परका कुत्रा जवळ आला की शिंगं रोखते. ती गाय दोन नसतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. घरी वेगळा वेळ मिळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून चुलीपाशी, विहिरीवर, शेतात जमेल तेवढंच.

डोकं भणभणू लागलं की एक तळहात छातीवर ठेवा. लाज वाटत असेल तर एका हातानं दुसरा हात धरा, कुणाच्या लक्षात येत नाही. श्वास घेतलात त्यापेक्षा सावकाश सोडा. तीनदा. मग जे आहे त्याचं नाव घ्या : आत्ता मला भीती वाटते आहे. किंवा, आत्ता मला राग आहे. नाव घेतलं की ते थोडं हातात येतं. मग म्हणा, अशी वेळ माझ्या एकटीवर आली नाही. आणि शेवटी आपल्याच बोलीत, आपल्याला आई किंवा मैत्रीण जशी हाक मारायची तशी हाक मारून, एक वाक्य बोला. पुस्तकी वाक्य नको. 'मी स्वतःचा स्वीकार करते' असं कुणी आपल्याशी बोलतं का? "थांब वो माय, थकली तू" एवढं पुरे. एका बाईंना काहीच सुचेना, तेव्हा त्या लहानपणी आजी म्हणायची ते नुसतं "या माझ्या बाई" एवढंच म्हणायच्या. त्यांना ते पुरलं.

दुसरी रीत गटात करायची आहे आणि मला तीच जास्त आवडते. दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीनं ती स्वतःला जे टोचून बोलते ते वाक्य मोठ्यानं म्हणायचं. समोरचीनं तेच वाक्य तिच्याकडे बघून तिला म्हणायचं. इथे बहुतेक जणी अडतात. "मला नाही म्हणवत, इतकं वाईट कसं बोलू तिला?" म्हणतात. तिथेच थांबा आणि एकमेकींकडे बघा. जे दुसरीला बोलायला जीभ रेटत नाही, ते आपण स्वतःला रोज बोलतो. मग समोरचीनं त्याच गोष्टीवर मैत्रीण म्हणून काय सांगावंसं वाटतं ते सांगायचं, आणि पहिलीनं ते शब्द जसेच्या तसे, स्वतःचं नाव घेऊन, परत म्हणायचे. लिहिता येणाऱ्यांनी ते कागदावर लिहून डब्यात ठेवावं.

एकटीपेक्षा गटात हे सोपं जातं, त्याचं कारण तुमच्या शेतातच आहे. निंदताना एखादीची पात मागे पडली तर दोन्हीकडच्या दोघी तिची पात थोडी थोडी ओढून घेतात. कुणी विचारत नाही तू मागे का पडलीस. अंगात ताप असेल, रात्री झोप झाली नसेल. नेफबाई 'सगळ्या माणसांचं दुःख एक' म्हणतात ते हेच. पूर्वी जात्यावर बसून बाया आपलं दुःख ओवीत घालायच्या, जात्यालाच सांगायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गिरणी आली, हाताचे श्रम वाचले, चांगलंच झालं. पण ती बोलायची जागाही गेली. आपल्या गटाची बैठक हप्ता गोळा करून, सह्या करून अर्ध्या तासात संपते. त्यातली पंधरा मिनिटं या कामाला ठेवता येतील.

एक इशारा देते. काही जणींना मायेनं बोलताच बरं वाटायच्या ऐवजी रडूच फुटतं, राग उसळतो, घुसमटल्यासारखं होतं. कोंडलेल्या खोलीचं दार एकदम उघडलं की आत वारा शिरून आग भडकते, तसं हे असतं. ज्यांना लहानपणी माया मिळाली नाही किंवा मायेच्या नावाखाली ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांना मायेचीच भीती वाटते. यात त्यांचं काही चुकत नाही. अशा वेळी डोळे मिटू नका. पाय जमिनीवर टेकवा, समोरच्या झाडाची पानं बघा, गार पाण्यानं तोंड धुवा, आणि उरलेलं पुढच्या वेळेवर ठेवा. गटातल्या बाकीच्यांनी तिला खोदून विचारू नये. आणि गटात बोललेलं गावात फिरता कामा नये. एका बैठकीतली गोष्ट दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गेली की तो गट पुन्हा बोलत नाही, हे मी पाहिलं आहे.

आणि हे सगळं कुठे पुरत नाही तेही ऐका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत खाली असेल, कशातच गोडी राहिली नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, कामाला हात उचलत नसतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. बाळंतपणानंतरही हे होतं आणि घरचे 'बाहेरचं' म्हणून मांत्रिकाकडे नेतात. तिला आधी सरकारी दवाखान्यात न्या. तिथून भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात पाठवतील. १४४१६ हा टेलिमानसचा फोन नंबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. 'मी नसते तर बरं झालं असतं' असं कुणी म्हणाली तर ते थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटी सोडू नका आणि फवारणीचं औषध घरातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात देशात २३,१७८ गृहिणींनी आत्महत्या केल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर सभा होतात, होऊ देत. या बायकांवर किती झाल्या?

डॉक्टर कमी आहेत म्हणून हात टेकायचं कारण नाही. आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी ताणाबद्दल बोलणं सुरू केलं. सुरुवातीला उदासीनं आजारी असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदतीसाठी कुणाकडे जात होते. दीड वर्षानं सत्तावीस जाऊ लागले. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीच्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा बोलायचं काम डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या माणसांवर सोपवलं. २०१७ मध्ये निकाल छापून आला : अशी बोलणी झालेल्यांतले चौसष्ट टक्के तीन महिन्यांत बरे झाले, नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांतले एकोणचाळीस टक्के. ती बोलणी करुणेची नव्हती. आवडीची आणि गरजेची कामं हळूहळू पुन्हा हाती घ्यायला लावण्याची होती. पण समोर बसून नीट ऐकून घेणारं माणूस गावचंच असलं तरी चालतं, हे त्यातून दिसलं. आशाताई इथे बसल्याच आहेत.

मी पुष्कळ बोलले. आता चहा घेऊ आणि मग दोघी-दोघींच्या जोड्या करू. सासू-सून, जावा-जावा यांनी शक्यतो एका जोडीत बसू नका, आज तरी नको. ज्यांना नुसतं ऐकायचं आहे त्यांनी मागे भिंतीपाशी बसावं, त्यांना कुणी पुढे ओढणार नाही. आणि लेकरं घेऊन आलेल्यांनी ती इकडे माझ्याकडे द्या.